उशीचं पोट

या सफरीला अट एकच: बाई होऊन यायचं. एरवी तू कोणीही अस, मिशांना पीळ देणारा अस नाहीतर टक्कल झाकणारा अस, आजच्या रात्रीपुरती तू बाई. कपडे प्रत्येक मुक्कामाला मिळतील. पहिल्या मुक्कामाला मात्र धोतर नेसावं लागेल, फेटाही बांधावा लागेल. कारण आपण जातोय तिथं बाई म्हणून तुला कोणी बसूच देणार नाही.

एकोणिसावं शतक सरत आलंय. घाटावरचं एक गाव, चैत्रातली जत्रा. जेवणं उरकलीत आणि देवळामागच्या पटांगणात टेंभे पेटलेत. जळक्या तेलाचा वास नाकात बसतो. माणसं मांडीला मांडी लावून बसलीत. तू अंग चोरून, फेटा कपाळावर ओढून बस. ढोलकी-हलगीची सलामी झडते, तुणतुणं लागतं, गण संपतो आणि गवळण उभी राहते.

राधा पुढं येते. चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं आहे ते, ओठांवरची लव नुकतीच तासलेली. त्याला नाच्या पोऱ्या म्हणतात. तिच्या मागून मावशी. मावशीनं मिशा काढायचीसुद्धा तसदी घेतलेली नाही. डोक्यावरून उपरणं घेतलं, कमरेत वाकला गडी, झाली मावशी. कृष्णाचा सवंगडी पेंद्या लंगडत लंगडत आडवा येतो.

"मावशे, कुठं निघालीस?"

"मथुरेच्या बाजाराला, माझ्या राजा."

"मग जकात टाक."

"कशाची रं?"

"डोक्यावरच्या मडक्याची."

"आन् ह्याची?" मावशी उपरणं बाजूला सारते. पोट हे एवढं. "ह्याची जकात कुणाकडनं घेशील? माल भरणारा कवाच मथुरेला पळाला!"

पटांगण फुटतं. तेवढ्यात मावशीला कळा येतात. ती फतकल मारते, पेंद्याचा हात पिरगाळते, सात पिढ्यांचा उद्धार करते. सोंगाड्या सुईण होऊन धावतो, हात घालतो आणि ओढतो, ओढतो, ओढतच राहतो. लांबच्या लांब तांबडं पागोटं बाहेर येतं. "मावशे, पोरगं न्हवं गं, पागोटं झालं!"

तूही हसतेस. खोटं कशाला बोला, सोंग झकासच वठलंय. हसून झालं की मोज: राधा, मावशी, मागच्या दोन गवळणी, सुईण. पाच बाया, आणि बाई एकही नाही. ज्यांच्या पोटावर हे सगळं चाललंय त्या घरी आहेत, राख लावून भांडी घासतायत. ढोलकी त्यांनाही ऐकू येते. पागोट्याचा मजकूर मात्र उद्या त्यांना कोणी सांगणार नाही.

थोडी पुढं सरक. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथली पवळा तमाशाच्या बोर्डावर उभी राहते. तमाशातली पहिली बाई म्हणून आजही तिचंच नाव घेतात. तिच्या जोडीला रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव. तो कुलकर्णीपण सोडून फडात आलेला ब्राह्मण, ती महाराची. गावोगाव जीभ चालली ती या जोडीवर. दोघांनी गर्दी खेचली ती मुंबईपर्यंत. बापूरावांनी जात गमावली असं लोक हळहळून म्हणाले. पवळेनं काही गमावलं असेल, असं कोणाला वाटलं नाही. गमावण्यासारखं तिच्याकडं काही असेल हेच कोणाच्या मनात नव्हतं.

आता बोर्डाकडं नीट बघ. बाई आली, नाच्या पोऱ्या मागं सरला, राधेच्या पायात खऱ्या बाईचे चाळ आले. मावशीला मात्र कोणी घरी पाठवलं नाही. मावशी पुरुषच राहिली, आजही फडात ती बहुधा पुरुषच असते. लावणी बाईची, अदा बाईची, शिट्ट्या आणि दौलतजादाही तिच्याच. हशा तेवढा मावशीचा आणि सोंगाड्याचा.

कोणी म्हणेल, लावणीत बाई काय कमी बोलते? बोलते ना, पण तिच्या तोंडात शब्द घालणारा शाहीर बाप्या असतो, आणि समोरचे ते ऐकून सुस्कारे टाकतात. बाई हवीशी वाटणं आणि बाईच्या बोलण्यावर पोट धरून हसणं यांत फार अंतर आहे. सोंगाड्याला जागच्या जागी गार करणाऱ्या हजरजबाबी बाया फडांत होत्याच. पण मावशीची ती जकातीची ओळ पवळेला देऊन बघ. मिशावाला म्हणतो तेव्हा ते सोंग असतं. बाईनं म्हटली की तीच ओळ कबुली होते. "माल भरणारा पळाला" म्हणे, मग पुढचा प्रश्न ठरलेला: कोण गं तो?

दुसरा मुक्काम. फेटा सोड, साधं लुगडं नेस. या खेपेला तू पडद्यामागं आहेस.

स्वातंत्र्य येऊन गेलंय. १९४० चं दशक संपता संपता, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली आणि मग अटी घालून उठवली. फड पुन्हा रस्त्याला लागलेत. कनात लागलीय, बत्त्या भकभकतायत, मागच्या राहुटीत ट्रंका, चाळांचे जुडगे, पावडरीचे डबे. फड आहे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा. १९३५ ला पंढरपुरात जन्मलेली, बाप-चुलत्याच्या फडात वाढलेली ही बाई. १९५७ मध्ये तिला राष्ट्रपती पदक मिळालं, पुढं १९९० मध्ये पुन्हा.

दिवस भरलेत तिचे, तरी वग सुरू आहे. तमाशाच्या दुनियेत ही गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे. नाचता नाचता कळा सुरू झाल्या, ती राहुटीत आली, बाळंत झाली, दगडानं नाळ ठेचून तोडली, पोर बाजूला ठेवलं आणि पुन्हा चाळ बांधून बोर्डावर गेली. सांगणारा इथपर्यंत आला की आवंढा गिळतो. मग म्हणतो, पब्लिकच्या लक्षात आलं की मघाशी असलेलं पोट आता नाही.

तू राहुटीत आहेस, म्हणून तुला पडद्याच्या दोन्ही बाजू ऐकू येतात. वेळ मारून न्यायला बाहेर कोणीतरी बतावणी लांबवत असणार. हशा पिकत असणार. कोणत्या विनोदावर, ते मला माहीत नाही, पण बतावणीतले विनोद काही फार वेगवेगळे नसतात. मावशीच्या कळा आणि सुईणीचं पागोटं ठेवणीतला माल आहे, कधीही काढावा.

या गोष्टीचा आपण पुढं दाखला केला: बघा, कलेवर केवढी निष्ठा! मला त्या निष्ठेपेक्षा फडाची तिकीटविक्री जास्त दिसते. खेळ पडला तर पाचपन्नास माणसांच्या चुली पेटायच्या नाहीत, हे त्या बाईला ठाऊक होतं. आणि निष्ठेला मिळालं काय म्हणाल, तर २००२ मध्ये विठाबाई गेली तेव्हा तिची शेवटची वर्षं हलाखीत गेली होती. चार वर्षांनी तिच्या नावानं सरकारचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला.

याच काळात आणखी एक बाई बघून ठेव. कांताबाई सातारकर. तुकाराम खेडकरांच्या जोडीनं उभी राहिलेली आणि पुरुषभूमिकांसाठी गाजलेली. शिवाजी महाराजांची भूमिकाही ती करायची. म्हणजे पुरुषाचं सोंग बाई घेऊ शकत होती. फक्त पुरुष साडी नेसला की विदूषक व्हायचा आणि बाईनं जिरेटोप घातला की राजा. पुरुषाचं हसं करणारी बाई, ढेरी पुढं काढून, मिशीवर ताव देत पाटलाची चाल करून दाखवणारी बाई, तिच्यासाठी कोणी वग लिहिला नाही. तेवढं हसायची तयारी कनातीत नव्हती.

चल, आता जरा बरे दिवस. नायलॉनची साडी, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा, हातात पर्स. १९६० च्या दशकाची शेवटची वर्षं, दादरचं शिवाजी मंदिर. तुझ्याकडं रीतसर तिकीट आहे, शेजारी नवरा, पलीकडं नणंद. नाटक आहे 'विच्छा माझी पुरी करा'. वसंत सबनीसांनी लिहिलंय, आणि हवालदार झालेला दादा कोंडके त्यात दर प्रयोगाला नवं काही घुसडतोय. तमाशा मध्यमवर्गात आला तो असा, अत्तर लावून. बायका सहकुटुंब येतात. हसतातही, पण रुमालाआडून. तू मोठ्यानं हसलीस तर पुढच्या रांगेतली मान वळेल, म्हणून तूही रुमाल काढ.

गंमत बघ. वगातला सगळा चावटपणा मैनावतीच्या इच्छेवर उभा आहे. राजाचा छपरी पलंग हवा म्हणून ती कोतवालाकडं हट्ट धरते. नाटकाला नाव मिळालं तेही तिच्याच हट्टातून. घर खाली करणारा हशा मात्र तिला मिळत नाही. तिचं वाक्य संपलं की हवालदार प्रेक्षकांकडं एक नजर टाकतो, ओठ थोडे बाहेर काढतो, आणि बस्स. पाऊण मिनिट कोणाला काही ऐकू येत नाही. तिनं चेंडू उंच टाकायचा, षटकार त्यानं मारायचा.

मध्यंतर होतं. बटाटेवड्याच्या रांगेत नवरा आणि त्याचे बँकेतले मित्र हवालदाराची वाक्यं एकमेकांना म्हणून दाखवतायत. जमेल तशी नक्कल, डोळे मिचकावणं, पाठीवर थाप. आता तू एक कर. मैनावतीचं वाक्य तू म्हण, तिच्या लाडिक हेलात. नाटकातलंच वाक्य आहे, हजारभर लोकांनी आत्ताच ऐकलंय.

म्हटलंस?

मित्र वड्याकडं बघतात. नवरा घसा साफ करतो. नणंद तुझा पदर सरळ करते, तो वाकडा नसताना. "वहिनी पण ना," कोणीतरी म्हणतो आणि विषय पावसावर जातो. रात्री लोकलमध्ये नवरा खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणतो, "चारचौघांत जरा..." वाक्य पुरं करायची गरज त्याला वाटत नाही. वाक्य पुरं न करण्याचीही एक सत्ता असते.

दादांवर माझा राग नाही, हे सांगून ठेवते. १९७१ चा 'सोंगाड्या', मग 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम', रौप्यमहोत्सवांची रांग लागली. गावाकडच्या भोळसट वाटणाऱ्या गड्याला त्यांनी नायक केलं, हे काम हलकं नव्हतं. पण त्या द्व्यर्थी गाण्यांतला बाईचा आवाज बहुतेक वेळा कोणाचा होता? उषा मंगेशकरांचा. त्याच काळात, १९७५ मध्ये, 'जय संतोषी माँ'ची आरती त्याच गळ्यातून आली आणि बायकांनी थेटरात पायताणं काढून ठेवली. दोन्ही गाणी एका गळ्यात सुखानं नांदली, कारण तो गळा पडद्यामागं होता. नाव ठेवायला अंग लागतं.

अंगावरून आठवलं. या सगळ्यात एक पुरुष सुटला नाही, त्याला भेटल्याशिवाय पुढं जायला नको. गणपत पाटील, कोल्हापूरचे. तमाशापटांतला नाच्या म्हणजे तेच. कमरेतला तो मुरका, मान वेळावून बोलणं, सगळ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. माणूस संसारी, पोरंबाळं असलेला. पण लोकांनी पडद्यावरचा नाच्या त्यांच्या घरापर्यंत आणला. त्यांच्या पुरुषपणावर आयुष्यभर कुजबुज झाली, मुलांनाही ती झेलावी लागली. आत्मचरित्राचं नाव त्यांनी 'रंग नाच्याचे' ठेवलं. मला इथं हिशेब लागतो. मावशी सुटते, नाच्या अडकतो. मावशीच्या मिशा दिसत असतात, खाली पुरुष आहे याची ती पावती. नाच्याची पावती हरवते. बाईकडं तर ती कधी नव्हतीच.

पुढची वीस-तीस वर्षं झपाझप बघून घे. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त विजय चव्हाण लुगडं नेसून नाचतोय, एका इंग्रजी फार्सातून आलेली ही मावशी हजारो प्रयोग पाहते आणि शेवटी टोप उतरला की टाळ्या दुप्पट होतात. १९८८ उजाडतं, 'अशी ही बनवाबनवी' लागतो. तू ड्रेसमध्ये आहेस, हातात पॉपकॉर्न नाही, खारे दाणे आहेत. लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती पोटावर उशी बांधून झुल्यावर बसते आणि तिच्या डोहाळजेवणाचं गाणं रंगतं. थेटर गडाबडा लोळतं. ते गाणं इतकं गोड झालं की महाराष्ट्रातल्या खऱ्या डोहाळजेवणांत ते आजतागायत वाजतं. तुझ्याही वाजलं असेल. हिरवी साडी, फुलांची वाडी, सात महिन्यांचं खरं पोट आणि वर स्पीकरवर उशीच्या पोटाचं गाणं. कोणाला ते खटकत नाही, मलाही नाही. गाणं खरंच छान आहे.

मग दूरदर्शनची मक्तेदारी जाऊन खासगी वाहिन्या आल्या. निर्मिती सावंतची गंगूबाई आली आणि तिनं एकटीच्या खांद्यावर मालिका पेलली. २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं. त्यातल्या थुकरटवाडी या काल्पनिक गावाच्या मुख्य मंडळींत बाई एक, श्रेया बुगडे, आणि साडी नेसणारे पुरुष तिच्याहून जास्त. त्यांच्या साड्यांची पुढं एवढी सवय झाली, की बाईच्या भूमिकेला बाई का नाही हा प्रश्नच बावळट वाटू लागला.

शेवटचा मुक्काम. आज. जीन्स, कुर्ता, केस वर बांधलेले. अंधेरीतल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर ओपन माइक आहे. तू आता प्रेक्षकांत नाहीस. लाइनअपमध्ये चौथी आहेस आणि सात जणांत एकटीच.

येण्याआधी फोनवर काही गोष्टी वाचून आली आहेस, नको म्हटलं तरी. २०२० च्या जुलैत अग्रिमा जोशुआ या मुंबईच्या कॉमिकचा जुना व्हिडिओ उकरून काढला गेला, शिवाजी महाराजांच्या अरबी समुद्रातल्या स्मारकावरच्या ऑनलाइन चर्चेची त्यात थट्टा होती. तिनं माफी मागितली. तरी एका बहाद्दरानं कॅमेऱ्यासमोर बसून तिच्यावर बलात्काराची धमकी दिली आणि स्वतःच ती अपलोड केली. वडोदऱ्याच्या पोलिसांनी त्याला पकडलं. पुरुष कॉमिकांना फुलं मिळतात असं नाही. मुनव्वर फारुकी २०२१ च्या पहिल्याच दिवशी इंदूरमध्ये पकडला गेला आणि महिनाभर तुरुंगात राहिला. त्याच्यावरचा राग त्याच्या धर्मावर, त्याच्या तोंडावर निघाला. तिच्यावरचा निघाला तो तिच्या अंगावर. विनोद कशावरचाही असो, बाईला उत्तर तिथंच येतं.

तुझ्या आधीचा मुलगा माइक घेतो. चांगला आहे, टायमिंग पक्कं आहे. बायकोच्या बाळंतपणावर त्याचा सेट आहे: ऑपरेशन थिएटरमध्ये आपण कसे चक्कर येऊन पडलो, नर्सनं आधी आपल्यालाच कसं सलाइन लावलं, बायको टेबलावरून कशी शिव्या देत होती. शिव्यांची नक्कल करताना तो आवाज बारीक करतो, एक हात कमरेवर ठेवतो. मावशी हजर. पब्लिक खूश.

"आणि आता एक लेडी कॉमिक," होस्ट म्हणतो, "सगळ्यांनी जोरात टाळ्या, कारण ती एकटीच आहे!"

तू माइक स्टँडवरून काढतेस. तुझाही सेट बाळंतपणाचाच आहे. टाके, नवव्या दिवशीचं बसणं, दूध उतरत नाही म्हणून बघायला आलेल्या सतरा बायका आणि त्यातल्या एकीनं न विचारता घातलेला हात. पहिला हशा बायकांच्या टेबलावरून येतो, अगदी आतून, रुमाल न काढता. दुसरा सगळीकडून. तिसऱ्या पंचला पुढच्या रांगेतला एक जण हाताची घडी घालून मागं रेलतो. तू टाक्यांवर येतेस, तेव्हा तो सोबतच्या मुलीकडं बघतो, ती हसतेय का ते. ती हसायची थांबते. तू थांबत नाहीस, कारण तुझ्याकडं अजून दीड मिनिट आहे आणि पुढचा पंच सगळ्यात चांगला आहे. तो लागतो. घडी सुटत नाही, पण तोंड फुटतंच.

खाली जिन्याशी तो गाठतो. सभ्य आहे, हात जोडून बोलतो. "मस्त होतं मॅडम. खरंच. फक्त एक विचारू? घरचे बघतात का हे? म्हणजे, मिस्टरांना चालतं?"

त्याला काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ. रस्त्यावर आधीचा तो मुलगा सिगारेट पेटवत उभा आहे. तू त्याला विचार, की बाबा, तू एवढं बायकोच्या ऑपरेशन टेबलापर्यंत गेलास, तुला विचारतात का असं कोणी?

"मला?" तो हसतो. "मला नाही. बायकोला विचारतात. तू हे कसं चालवून घेतेस म्हणून." झुरका मारून तो क्षणभर थांबतो आणि खिशातून फोन काढतो. "अरे, भारी आहे हे. पुढच्या सेटला टाकतो."